विश्लेषण : दहा शब्दांऐवजी एक शब्द! पण अशा याद्या पाठ करून इंग्रजी खरंच सुधारतं का?

गेल्या महिन्यात मंठ्याहून माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. ‘ताई, झोपेत चालणाऱ्या माणसाला इंग्रजीत एक शब्द सांग.’ मी आठवत होते, तोवर त्यानेच उत्तर टाकलं. ‘सोम्नॅम्ब्युलिस्ट. तुझी परीक्षा घेत होतो.’ मागोमाग एक पीडीएफ आली. शब्दसमूहाबद्दल एक शब्द, अशा शेकडो जोड्या. तो स्टाफ सिलेक्शनची तयारी करतो आणि दिवसाचे आठ-दहा तास अभ्यासिकेत असतो. रोज वीस शब्द पाठ करायचे, असा त्याचा नेम आहे.

चारच दिवसांनी त्याचा दुसरा मेसेज आला. मावशीच्या खात्यात अनुदानाचे पैसे जमा झाले नव्हते. शाखेत दोनदा जाऊन झालं होतं. आता बँकेच्या तक्रार कक्षाला इंग्रजीत मेल करायचा होता आणि मसुदा मी बघावा, असं त्याचं म्हणणं होतं. (मंठ्यातल्या खातेदाराने आपल्या बँकेला मराठीत का लिहू नये, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते जास्त मोठा आहे.)

मसुदा सतरा ओळींचा होता. सुरुवात अशी : ‘आय ॲम रायटिंग धिस मेल टू ब्रिंग टू युअर काइंड नोटीस द फॅक्ट दॅट…’ पुढे ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ दोनदा, ‘विथ रिस्पेक्ट टू द मॅटर ऑफ’ एकदा, ‘ॲट द प्रेझेंट मोमेंट ऑफ टाइम’ एकदा. खाते कोणाचं, पैसे कधीपासून आलेले नाहीत, आधार जोडलेलं आहे की नाही, हे सगळं शेवटच्या दोन ओळींत कोंबलेलं. आणि बँकेने नेमकं काय करावं, हे कुठेच नव्हतं.

सोम्नॅम्ब्युलिस्ट माहीत असलेल्या मुलाला ‘बिकॉज’ सुचला नाही. तो हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्त. म्हणूनच हा विषय लिहायला घेतला.

ही भानगड नेमकी काय आहे?

‘वन वर्ड सबस्टिट्यूशन’ म्हणजे लांबलचक वर्णनाच्या जागी एकच नेमका शब्द. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे नाव घेऊन दिलेलं आहे. टियर १ मध्ये ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले २५ इंग्रजीचे, प्रत्येकाला २ गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. टियर २ मध्ये इंग्रजीचे ४५ प्रश्न, १३५ गुणांचे. २०२३ च्या तलाठी भरतीतही मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी अशा चार विषयांपैकी इंग्रजी हा एक होता. सुमारे साडेचार हजार जागांसाठी तेव्हा दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत एका प्रश्नाचे दोन गुण किती जणांना मागे टाकतात, हे मंठ्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला कोणी शिकवायला नको. तेव्हा याद्या पाठ करू नका, असं मी म्हणणार नाही. पगारी नोकरीत बसून असा सल्ला देणं सोपं असतं.

प्रकार आपल्याला नवा नाही. मराठी व्याकरणात ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ आपण शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून घोकत आलोय. माझ्या वेळी ती परीक्षा चौथीला होती, नंतर ती पाचवीला गेली. ज्याला कोणी शत्रू नाही तो अजातशत्रू. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो आजानुबाहू. दोन्हींचे गुण मी मिळवले. पण गेल्या वीस वर्षांत ‘आजानुबाहू’ मी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही, लिहिलाही तो आजच.

दोन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

गोंधळ इथे होतो. लांब शब्दसमूह काढून एक शब्द घालण्याचे दोन प्रकार आहेत आणि क्लासेसवाले, यूट्यूबवाले, पीडीएफवाले ते एकाच पोत्यात भरतात.

पहिला प्रकार परीक्षेचा. व्याख्या दिलेली असते, शब्द ओळखायचा. नाणी जमवणारा ‘न्यूमिस्मॅटिस्ट’, तिकिटं जमवणारा ‘फिलाटेलिस्ट’, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं ते ‘पोस्ट्युमस’. यातला शेवटचा कामाचा आहे, मराठीत आपण ‘मरणोत्तर’ म्हणतोच. पहिले दोन आयुष्यात किती वेळा लागतील?

दुसरा प्रकार लिहिण्याचा. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ काढा, ‘बिकॉज’ लिहा. ‘इन द इव्हेंट दॅट’ म्हणजे नुसतं ‘इफ’. ‘इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट’ म्हणजे ‘ऑल्दो’. ‘मेक अ डिसिजन’च्या जागी ‘डिसाइड’, ‘गिव्ह परमिशन टू’च्या जागी ‘अलाउ’. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ फुकटचा आणि ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही. हे शब्द सातवीच्या मुलाला येतात. ते शिकायचे नाहीत, वापरायचं धाडस करायचंय.

धाडस म्हणते, कारण आपल्याकडे लांब इंग्रजी म्हणजे सभ्य इंग्रजी, असा समज पक्का आहे. कचेरीतली भाषा आपण तशीच ऐकत आलो. मराठीतही बघा ना. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ असं वाचून झालं, तरी अजून काहीच कळवलेलं नसतं. साहेबाला लिहायचं तर वाक्य वाकलेलं हवं, असं आपल्या अंगात भिनलंय.

गंमत म्हणजे, साहेबाच्या देशात साहेबच यावर वैतागले होते. ९ ऑगस्ट १९४० रोजी, युद्ध ऐन भरात असताना, विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या मंत्रिमंडळासाठी आणि सरकारी खात्यांसाठी ‘ब्रेव्हिटी’ या मथळ्याचं एक टिपण काढलं. अहवाल आटोपशीर करा आणि जे पाल्हाळिक शब्दसमूह नुसते भर म्हणून येतात ते गाळा किंवा त्यांच्या जागी एकच शब्द घाला, असा त्याचा आशय होता. त्याआधी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम स्ट्रंक या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तिका छापली होती, तिचाही भर अनावश्यक शब्द काढण्यावर होता. आणि २०१० मध्ये तर अमेरिकेने सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं म्हणून कायदाच केला. म्हणजे आपण आदर म्हणून जे घोकतोय, ते तिकडे दोष म्हणून काढलं जातंय.

भाषा कोणत्या गोष्टीला छोटा शब्द देते?

इथे माझ्यातली इंजिनिअर थोडी डोकं वर काढते, सांभाळून घ्या.

मोर्स कोडमध्ये ‘ई’ या अक्षराला फक्त एक टिंब आहे आणि ‘क्यू’ला रेघ, रेघ, टिंब, रेघ. कारण इंग्रजीत ‘ई’ सारखा येतो, ‘क्यू’ क्वचित. जे वारंवार पाठवायचं ते छोटं, जे क्वचित ते लांब. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये याच कल्पनेची काटेकोर गणिती पद्धत मांडली. तुमच्या फोनमधल्या झिप फाइलमध्ये आणि जेपीजी फोटोत तीच पद्धत आजही काम करते. भाषाही असंच वागते. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९३५ मध्येच दाखवलं होतं, की जास्त वापरातले शब्द सहसा आखूड असतात.

आता मंठ्यात या. पाऊस पडून गेल्यावर जमीन अशी होते, की ओलही आहे आणि पाय, तिफण, वखर चिखलात रुततही नाही. पेरायला हीच वेळ. या सगळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे, वाफसा. इंग्रजीत सांगायला मला वाक्य लागतं. कृषी विद्यापीठांच्या इंग्रजी शिफारशींतही ‘वापसा कंडिशन’ असंच लिहिलेलं सापडतं. कापसाचा हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून न टाकता पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची, ती फरदड. गुलाबी बोंडअळीमुळे ती घेऊ नका, असं कृषी विभाग सांगत असतो. पाडव्याला ठरवून वर्षभरासाठी ठेवलेला शेतमजूर, सालगडी. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात ये, मजुरीचा हिशेब नाही, याला सावड. गावाने मिळून एकाचं काम उरकून द्यायचं, ते इर्जिक.

हे शब्द कोणी यादीतून पाठ केले नाहीत. वाफसा हा शब्द जून महिन्यात दहा वेळा ऐकू येतो, चुकीचा वापरला तर बाप हसतो आणि शब्द पक्का बसतो. एका शब्दाने दहा शब्दांचं काम होतं कारण ते काम रोज असतं. माझा मुद्दा एवढाच आहे. पीडीएफमधले बरेच शब्द नेमके उलट आहेत. कधीतरीच लागणाऱ्या गोष्टीला एक अवघड शब्द. म्हणून तो आज पाठ होतो आणि पुढच्या सोमवारी जातो. माणूस पाठ केलेलं किती भराभर विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं. त्यांनी त्यासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरं निवडली होती. आपण अर्थ असलेल्या शब्दांना वापराविना अर्थहीन करून टाकतो.

मग पाठ करायचेच असतील तर?

कीटकनाशकाच्या दुकानात जा. मस्करी नाही. कृषी सेवा केंद्राच्या कपाटात इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड ओळीने लावलेले असतात. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या पोराला हे तीन शब्द झोपेतही येतात. यातलं ‘साइड’ लॅटिनमधून आलंय, अर्थ मारणं. आपलं ‘नाशक’ जिथे बसतं तिथेच ते बसलंय : कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. हे एकदा दिसलं, की ‘होमिसाइड’ म्हणजे माणसाची हत्या, ‘रेजिसाइड’ राजाची, ‘पॅट्रिसाइड’ पित्याची, ‘जेनोसाइड’ अख्ख्या समूहाची, ही साखळी पाठ करावी लागत नाही. तसंच ‘फिल’ म्हणजे आवड आणि ‘फोबिया’ म्हणजे भीती. ‘बिब्लिओ’ म्हणजे पुस्तक कळलं तर ‘बिब्लिओफाइल’ सुटला. आपल्या संस्कृतोद्भव शब्दांचा कारखाना असाच चालतो. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत एका अक्षराचा फरक आहे, पण ‘ज्ञ’ जाणणारा आणि ‘घ्न’ मारणारा हे माहीत असलं की चूक होत नाही. नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’, जे आजही फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हटकून दिसतं, ते याच मुळांच्या वाटेने जातं. यादीच्या वाटेने जाणारे त्याचीही यादीच करतात, तो भाग निराळा.

परीक्षेत हमखास फसवणारे जोडशब्द मात्र वेगळे बसून करावेत. ‘इलेजिबल’ म्हणजे वाचता न येणारं आणि ‘एलिजिबल’ म्हणजे पात्र. देश सोडून जाणारा ‘एमिग्रंट’ आणि तोच माणूस दुसऱ्या देशात पोहोचला की ‘इमिग्रंट’. ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह, ‘क्रेड्युलस’ म्हणजे कोणावरही भाबडेपणाने विश्वास टाकणारा. मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये नेमक्या याच जोड्यांत छपाईच्या चुका असतात आणि एकाची चूक दुसरा कॉपी करतो. शंका आली की शब्दकोश उघडा, दुसरी पीडीएफ नको.

माझी तोंडी परीक्षा

माझं स्वतःचं सांगते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे माझी पिढी पहिल्या वर्गापासून इंग्रजी शिकलेली. तरीही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत मी अडकले. सरांनी विचारलं, बिडाच्या तुकड्यावर ताण दिला तर काय होईल? मला दिसत होतं. तो वाकणार नाही, एकदम मोडेल. मी इंग्रजीत सांगायला लागले, ‘सर, इट विल नॉट बेंड, विदाउट बेंडिंग इट विल डायरेक्टली…’ सर घड्याळाकडे बघायला लागले. शेजारच्याने एक शब्द टाकला, ‘ब्रिटल’. त्याला चांगले गुण पडले.

ठिसूळ. माठ, कौल, जुनं पत्र्याचं पान हाताळलेल्या कोणालाही माहीत असलेली गोष्ट. माझ्याकडे कल्पना होती, मराठी शब्दही होता, नव्हता तो फक्त पूल. त्या रात्री मी वहीत एका बाजूला मराठी शब्द लिहिले आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ठिसूळ, लवचीक, गंजणं, झिजणं, गळती, घर्षण. चाळीसेक शब्द भरले आणि त्यातला एकही मी आजवर विसरलेले नाही. पहिला शब्द कोणता होता, तेही आठवतं.

म्हणून मावसभावाला मी सांगितलं ते असं. दिवसभरात जे मराठीत सहज बोललास आणि इंग्रजीत सांगायला तीन ओळी लागल्या असत्या, ते रात्री लिही. त्याचा एक शब्द शोध. दुसऱ्या दिवशी तो कुठेतरी वापर, मेसेजमध्ये वापर, मला पाठव. वीस नको, तीन बस. परीक्षेची यादी वेगळ्या वहीत चालू दे. ती गुणांसाठी आहे, तिला इंग्रजी म्हणू नकोस.

पण एकच शब्द नेहमी बरा असतो का?

नाही. आमच्या डेस्कवर दिवसभर शब्द कापायचंच काम असतं. नोटिफिकेशनमध्ये मथळा मावला पाहिजे, नाहीतर फोनवर तीन टिंबं दिसतात. त्यामुळे कापण्याची किंमतही इथेच कळते.

ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ म्हणजे फक्त हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. दोन माणसं, दोघांचं हंगामभराचं काम, घेतलेलं कर्ज, सगळं एका शब्दात. भाषेच्या हिशेबाने याहून नेमकं ‘सबस्टिट्यूशन’ नाही. आणि याच शब्दात बाई गायब होते. तिची मजुरी वेगळी मोजली जात नाही, कारण ती मोजायला शब्दच ठेवलेला नाही. दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून गाड्या भरून निघतात तेव्हा बातमीत ‘इतके कोयते रवाना’ असं लिहिताना मी थांबते. तिथे मला ‘इतके पुरुष आणि इतक्या बायका’ असं लांब लिहावंसं वाटतं. इंग्रजीतही अशी उदाहरणं आहेत. बॉम्बहल्ल्यात मेलेल्या साध्या माणसांना ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हटलं, की वाक्य आटोपशीर होतं आणि माणसं दिसेनाशी होतात.

दुसरी अडचण छोटी आहे, पण मुलं तिच्यातच जास्त अडकतात. एक शब्द मिळाला म्हणून तो सगळीकडे बसत नाही. हळू चालणं म्हणजे ‘स्ट्रोल’ असं यादीत असतं. पण ‘स्ट्रोल’ म्हणजे रमतगमत, जेवणानंतर शतपावली करावी तसं. दवाखान्यातून काठी टेकत बाहेर पडणारे आजोबा ‘स्ट्रोल’ करत नसतात. ‘व्हेरी टायर्ड’ला ‘एक्झॉस्टेड’ चालेल, पण मग ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ लिहायचं नाही. हे यादी सांगत नाही, वाचन सांगतं. रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी, तीही खेळाची असली तरी चालेल.

आणि आपण नवे शब्द घडवायलाही घाबरायचं कारण नाही. तारीख पुढे ढकलणं ‘पोस्टपोन’, मग अलीकडे आणणं काय? आपण भारतीयांनी ‘प्रीपोन’ रूढ केला. एका शब्दात काम झालं. इंग्रजी शब्दकोशांनीही तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदवून घेतला.

मावशीचा मेल आम्ही फोनवर बोलत बोलत पुन्हा लिहिला. पाच ओळी झाल्या. खातं कोणाचं, कोणत्या महिन्यापासून रक्कम आलेली नाही, शाखेत कोणत्या दोन तारखांना गेलो, आधारची पावती सोबत जोडली आहे, कृपया जोडणी पूर्ण करून कळवा. ‘प्लीज’ एकदाच. भाऊ शेवटपर्यंत कुरकुरत होता. एवढं छोटं लिहिलं तर उद्धट वाटेल, साहेब चिडेल, निदान सुरुवातीची ओळ तरी राहू दे. मी ती राहू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पावतीची प्रत अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. त्याने लगेच मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला होता, ‘इलेजिबल’.